हजेरी कोणाची?

महाराष्ट्रातील अकराशे पोलीस ठाण्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देण्याची घोषणा राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत केली. 'महाक्राइमओएस' असे या योजनेचे नाव असून मायक्रोसॉफ्ट या जगड्व्याळ कंपनीचे तिला साहाय्य आहे. नागपुरातील तेवीस ठाण्यांत तिचा प्रयोग आधी झाला, आणि त्याच्याही पूर्वी, मार्च २०२४ मध्ये, याच कामासाठी 'मार्व्हल' नावाची सरकारी कंपनी स्थापन करण्यात आली होती. तेव्हा आज ना उद्या हे यंत्र आमच्या जयसिंगपूरच्या पोलीस ठाण्यातही येऊन बसणार, हे उघड आहे. ते यावे की येऊ नये या वादाला आता अर्थ उरलेला नाही. ते आल्यानंतर ठाण्याची पायरी चढणाऱ्या सामान्य माणसाच्या छातीतील धडधड कमी होणार की वाढणार, एवढाच प्रश्न शिल्लक आहे. आणि तो प्रत्येक घराच्या उंबरठ्याशी येऊन भिडणारा असल्यामुळेच आम्ही तो आज पहिल्या पानावर मांडीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यंत्राचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पोलिसी कारभारातील अनेक जुन्या दुखण्यांवर या नव्या साधनांचा उतारा खरोखरच पडू शकतो. 'ही आमची हद्द नव्हे, तिकडच्या ठाण्यात जा' हे वाक्य ऐकून उन्हातान्हात परत फिरलेली किती माणसे या तालुक्यात असतील, त्याची गणती कोणी केलेली नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीची ही सबब मोडीत काढली आहे. आता फिर्याद कोणत्याही ठाण्यात द्यावी. ती संगणकाच्या मार्गे घरबसल्या पाठविली आणि तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही केली तरी चालते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळविले पाहिजे, असा दंडकच घातला गेला आहे. झडती आणि जप्ती यांचे चित्रीकरण आता बंधनकारक झाले आहे. वर्षानुवर्षे त्याच त्या ठरावीक पंचांच्या सह्यांनी नटलेले पंचनामे पुढे न्यायालयात कसे कोलमडतात, हे वकिली करणाऱ्या आमच्या वाचकांना सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिलेल्या आदेशामुळे संवेदनशील गुन्हे वगळता प्रत्येक प्राथमिक माहिती अहवाल चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर चढविला जावा अशी व्यवस्था झाली. स्टेशन डायरीत मागाहून मजकूर घुसडण्याची कला ज्यांना अवगत होती, त्यांची यामुळे मोठीच पंचाईत झाली असणार! या सर्व सुधारणांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु यंत्राला एक मर्यादा आहे, आणि ती ओळखल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याच्या तोंडी जे घालावे तेच ते दळते. जात्यात खडे टाकले तर पीठ पडत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण जीवांचा बळी घेतला, तेव्हा रक्ततपासणीची आधुनिक यंत्रे पुण्यात नव्हती असे नाही. परंतु रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक करण्याची पाळी आली. नमुना दुसऱ्याचाच असेल, तर प्रयोगशाळेने तो कितीही अचूक तपासला तरी त्याचा काय उपयोग? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बदलापुरात शाळकरी मुलींवरील अत्याचाराची फिर्याद नोंदविण्यात विलंब झाला आणि संतापलेल्या जनतेने रेल्वे रोखून धरली. घरबसल्या फिर्यादीची सोय करणारा कायदा अमलात येऊन तेव्हा दोन महिनेही लोटले नव्हते. कायदा नवा होता, यंत्रणा नवी होती. परंतु समोर बसलेल्या आईबापांचे दुःख तत्काळ कागदावर उतरवून घेण्याची वृत्ती मात्र जुनीच राहिली होती. पुढे काही पोलिसांना निलंबित करण्यात आले खरे, पण त्यापूर्वी विश्वासाचे जे व्हावयाचे ते होऊन गेले होते.

याहून जवळचे आणि याहून भयंकर उदाहरण आमच्या शेजारच्या सांगलीचे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. आरोपी पळून गेले, असे त्या वेळी सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आल्याचे उघडकीस आले, आणि उपनिरीक्षकासह पोलीस कर्मचाऱ्यांनाच खुनाच्या आरोपावरून गजाआड व्हावे लागले. जयसिंगपुराहून सांगली ती किती दूर? सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी परतणारे शेकडो लोक त्या शहरात रोज ये-जा करतात. त्या दिवसांत येथील घराघरांतून जो प्रश्न विचारला जात होता, तो आम्हाला अजून विसरता आलेला नाही. लोक विचारीत होते : ठाण्याच्या आत काय चालते, ते कोणी पाहात असते की नाही?

या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी उत्तर दिले. देशातील प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रवेशद्वारावर, कोठडीत, व्हरांड्यात, अधिकाऱ्यांच्या खोल्यांत कॅमेरे बसवावेत, त्यांत ध्वनीही नोंदला जावा, रात्रीच्या अंधारातही त्यांना दिसावे आणि चित्रण अठरा महिने जपून ठेवावे, असा तो आदेश होता. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, राजस्थानात अवघ्या आठ महिन्यांत कोठडीत अकरा मृत्यू झाल्याची बातमी वाचून त्याच न्यायालयाला स्वतःहून पुन्हा या विषयात लक्ष घालावे लागले. रस्त्यावरील कॅमेरे चोवीस तास जागे असतात. ठाण्यातील कॅमेरा मात्र नेमक्या हव्या त्या रात्री नादुरुस्त असतो, हा कोणता दैवी योगायोग आहे? जनतेवर रोखलेला डोळा तीक्ष्ण आणि सत्तेवर रोखलेला डोळा अधू, ही आजच्या तांत्रिक पोलीस व्यवस्थेची खरी व्यथा आहे. जनतेचा विश्वास डळमळतो तो याच विषमतेमुळे. स्वतःची पाहणी होऊ देण्यास जो तयार नाही, त्याला दुसऱ्याची पाहणी करण्याचा नैतिक अधिकार कोठून मिळणार?

जयसिंगपूरच्या नागरिकाला या प्रश्नाचे मर्म इतरांहून अधिक चटकन समजावे, असे आम्हाला वाटते. कारण त्याचे एक उत्तर या गावाच्या जन्मकथेतच दडलेले आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जन्मदाते जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने १९१७ साली ही पेठ वसविली. सरळ रेषांचे रुंद रस्ते, आखीव चौक आणि व्यापाराला मोकळे अंगण देणाऱ्या या नगरीच्या स्थापनेनंतर वर्षभरातच, १९१८ मध्ये, याच राजाने आपल्या संस्थानातील एक दुष्ट चाल बंद केली. ती चाल म्हणजे हजेरी. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींतील माणसांनी नित्य हजेरी देऊन आपण गावातच आहोत हे सिद्ध करावयाचे, असा तो प्रकार होता. गुन्हा केला म्हणून नव्हे, विशिष्ट घरात जन्मले म्हणून! ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, आणि तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. शाहू छत्रपतींनी ते काम आपल्या राज्यात चौतीस वर्षे आधी आरंभिले. ज्याच्यावर रोज संशय घेतला जातो त्याच्या मनात राज्याविषयी निष्ठा उपजत नाही, हे साधे मानवी सत्य त्यांनी ओळखले होते.

आज त्या हजेरीचे स्मरण आम्हाला का व्हावे? कारण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा टिपून तो संशयितांच्या यादीशी ताडून पाहणारे यंत्र ही एक प्रकारची हजेरीच आहे. फरक इतकाच की, पूर्वी ज्याची हजेरी घेतली जाई त्याला निदान ते ठाऊक तरी असे. आणि हे यंत्र चुकत नाही असेही नाही. दिल्ली पोलिसांच्या व्यवस्थेत चेहऱ्यांचे साम्य ऐंशी टक्क्यांहून अधिक असले की ती ओळख पटली असे मानले जाते, ही गोष्ट २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारात बाहेर आली. ऐंशी टक्के गुण मिळविणारा विद्यार्थी आम्ही हुशार समजतो, हे खरे. परंतु ऐंशी टक्के आपल्यासारखा दिसणारा माणूस म्हणजे आपण नव्हे! अमेरिकेतील डेट्रॉइट शहराजवळ जानेवारी २०२० मध्ये अशाच यंत्राच्या साक्षीवरून एका निरपराध कृष्णवर्णीय गृहस्थाला त्याच्या बायकामुलींच्या देखत बेड्या पडल्या. ब्रिटनमध्ये साउथ वेल्सच्या पोलिसांनी चालविलेला चेहरा ओळखण्याचा उपक्रम तेथील अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बेकायदा ठरविला. कॅमेरा कोठे लावावा आणि कोणाला यादीत घालावे हे सारे पोलिसांच्या लहरीवर सोपविले गेले होते, हा त्यातील एक मुख्य आक्षेप होता.

आमच्याकडे कायद्याचे कुंपण याहून विरळ आहे. खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क होय, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. परंतु व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्याने गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांच्या कामाला आपल्या बहुतेक बंधनांतून सूट देऊन टाकली. २०२२ च्या ओळखपटविषयक कायद्याने अटक झालेल्याच्या बोटांच्या ठशांपासून डोळ्यांच्या बुबुळांपर्यंतच्या नोंदी पंच्याहत्तर वर्षे जपण्याची मुभा दिली. पहिलेपणीच निर्दोष सुटलेल्याच्या नोंदी नष्ट कराव्यात, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. पण नोंद खरोखर पुसली गेली की नाही हे त्या बिचाऱ्याने कोणाला विचारावयाचे? कागदाला वाळवी तरी लागते. संगणकातील डागाला मरण नाही.

'ज्याच्या मनात पाप नाही त्याने भ्यावे कशाला?' असा सवाल यावर हमखास केला जातो. तो करणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत बोकाळलेल्या तथाकथित 'डिजिटल अटके'कडे पाहावे. दूरध्वनीच्या पडद्यावर खाकी गणवेशातला तोतया दिसतो, 'तुमच्या नावावर गुन्हा आहे, खोलीचे दार लावून घ्या' असे दरडावतो आणि जन्मभर सचोटीने नोकरी केलेला निवृत्त गृहस्थ आपल्या आयुष्याची पुंजी त्याच्या हवाली करतो. असल्या अटकेला भारतीय कायद्यात कसलाही आधार नाही. ही लूट इतकी फोफावली की सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये तिचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. या प्रकारात फसणारी माणसे अडाणी नाहीत. कित्येक पदवीधर आहेत आणि त्यांच्या मनात पापही नाही. ती फसतात, कारण पोलिसांची भीती त्यांच्या हाडीमासी खिळलेली असते आणि पोलिसांना खरोखर कोणते अधिकार आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्या समाजात पोलिसांवर विश्वास असतो, त्या समाजातील माणूस असा दूरध्वनी येताच उठून जवळच्या ठाण्यात जाऊन विचारील. आमच्याकडे तो ठाण्यात जाण्यापेक्षा पैसे देणे पत्करतो. चोरांनी पोलिसांच्या गणवेशापेक्षाही पोलिसांच्या दहशतीचे भांडवल केले आहे, ही गोष्ट पोलीस दलाने मनाला लावून घेतली पाहिजे.

फसवणूक झाल्यावर १९३० या क्रमांकावर तातडीने कळविल्यास पैसा वाटेत अडविता येतो, ही व्यवस्था उत्तम आहे, आणि तिने अनेकांना तारले आहे. पण तिची दुसरी बाजू आमच्या पेठेतील व्यापाऱ्यांनी समजून घेतली पाहिजे. चोरीचा पैसा हातोहात फिरत एखाद्या दुकानदाराच्या खात्यात मालाची किंमत म्हणून जमा होतो, आणि दूरच्या कोणत्या तरी राज्यातील पोलिसांच्या एका संदेशानिशी त्याचे सबंध खाते गोठते. त्याने ना चोर पाहिलेला असतो, ना चोरी. हजार रुपयांच्या संशयापायी मालाचे देणे, नोकरांचे पगार, मुलांची फी सारेच अडते, आणि दाद कोणाकडे मागावयाची ते कळत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार होय. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितल्याप्रमाणे, अडवावयाची ती संशयित रक्कम. माणसाचा सारा संसार नव्हे. या साध्या न्यायाचे पालन सर्वत्र झाले पाहिजे.

जून २०२३ मधील कोल्हापूरची दंगलसदृश परिस्थितीही येथे आठवावी. समाजमाध्यमांवरील काही चित्रांवरून शहर पेटले, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आले. अफवांचा वणवा विझविण्यासाठी काही तास असे करणे भाग पडते, ही पोलिसांची अडचण आम्ही समजू शकतो. परंतु अशा बंदीचे आदेश सकारण असावेत आणि जाहीर करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच बजावले आहे. एकीकडे फिर्यादीपासून वीजबिलापर्यंत सर्व काही पडद्यावर करा म्हणावयाचे आणि दुसरीकडे कारण न सांगता पडदाच काळा करावयाचा, हे सुसंस्कृत राज्याला शोभत नाही. अफवेला खरा उतारा एकच असतो. ज्याच्या शब्दावर दोन्ही बाजूंच्या लोकांचा भरवसा आहे असा अधिकारी रस्त्यावर उभा राहून बोलू लागला, म्हणजे निम्मी आग तेथेच विझते.

पोलिसांवर टीका करणे सोपे आहे, म्हणून त्यांच्या बाजूचेही बोलले पाहिजे. बंदोबस्त, मोर्चे, यात्रा, निवडणुका, ऊस परिषदा या साऱ्यांत राबणाऱ्या शिपायाला ना वेळेवर जेवण, ना झोप. त्याच्यावर आता चित्रीकरण, माहिती भरणे, पुरावा संगणकावर चढविणे ही कामेही येऊन पडली आहेत. त्याला पुरेसे शिक्षण न देता, मनुष्यबळ न वाढविता केवळ यंत्रे पाठविली तर तो वैतागेल, आणि त्याचा वैताग शेवटी फिर्यादीच्याच वाट्याला येईल. कोट्यवधींच्या यंत्रखरेदीचे समारंभ थाटात होतात. हवालदाराच्या प्रशिक्षणाला मात्र कोणी नारळ फोडीत नाही!

तेव्हा आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. ठाण्यातील प्रत्येक कॅमेरा चालू आहे की बंद, याची नोंद रोज ठाण्याच्या दारावर लावावी. तो बंद पडल्यास कोणी जबाबदार, त्याचे पद लिहावे. तोंडी असो वा संगणकावर, प्रत्येक तक्रारीची पोच तत्क्षणी मिळावी आणि नकार दिल्यास तो लेखी असावा. संसदेने वा विधिमंडळाने स्पष्ट कायदा करीपर्यंत रस्त्यावर चेहरे ताडून पाहण्याचे यंत्र वापरू नये, आणि यंत्राच्या केवळ शिफारशीवरून कोणालाही अटक करू नये. निर्दोष ठरलेल्याच्या नोंदी पुसल्याचा दाखला त्याच्या हाती पडावा. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण स्थापण्याचे ठरविले. त्याचा पत्ता आणि कार्यपद्धती प्रत्येक ठाण्यात ठळक मराठीत लावावी. आणि वर्षातून किमान दोनदा, ठाण्याच्या प्रमुखांनी गावातील नागरिकांसमोर बसून किती तक्रारी आल्या, किती नोंदविल्या, किती तडीस गेल्या, कोणती नवी यंत्रे आली आणि ती कशासाठी वापरली, याचा जाहीर हिशेब द्यावा. यांतील एकाही गोष्टीला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. नैसर्गिक सद्बुद्धी पुरेशी आहे.

नागरिकांचेही काही कर्तव्य आहे. आपल्या फिर्यादीची प्रत मागून घेणे, पंच म्हणून बोलावले असता टाळाटाळ न करणे, आलेला संदेश पुढे ढकलण्यापूर्वी क्षणभर थांबणे आणि हक्काची माहिती निर्भयपणे विचारणे, एवढे जरी आपण केले तरी पुष्कळ होईल. कुंपणाने शेत खाऊ नये असे वाटत असेल, तर शेतकऱ्याने अधूनमधून बांधावरून फेरी मारली पाहिजे.

'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे. त्यातील पहिला शब्द सज्जनांच्या रक्षणाचा आहे आणि दुसरा दुर्जनांच्या निग्रहाचा, हा क्रम अर्थपूर्ण आहे. यंत्रे दुसऱ्या कामी येतील. पहिले काम माणसांनाच करावे लागेल. ज्या राजाने हे गाव वसविले, त्याने संशयाची हजेरी बंद करून प्रजेचा विश्वास मिळविला. शंभराहून अधिक वर्षांनी त्याच गावात नव्या यंत्राची प्रतिष्ठापना व्हावयाची असेल, तर पहिली हजेरी सत्तेची लागली पाहिजे. ती लागली, तर जयसिंगपूरचा नागरिक आपला चेहरा कोणत्याही कॅमेऱ्यासमोर ताठ मानेने धरील.